अठ्ठावीस शेक आणि दोन डावे पाय

सोमवार, ९

ही वही खरं तर माझी नाही, दवाखान्याची आहे. मशीनवाल्या ताईंनी दिली. "पेशंटनं पाणी किती वाजता प्यायलं, लघवीला किती वाजता गेले, रोज लिहायचं. कोण लिहिणार?" बाबांनी माझ्याकडे अंगठा केला. "हा. ह्याला दुसरं काम नाही."

मी कॉलेज सोडल्यापासून आठ महिने बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "अगं, त्याला सांग, इस्त्री गार झाली." आणि मी शेजारीच उभा, हातात इस्त्री घेऊन. तेव्हा आजचा अंगठा ही प्रगतीच म्हणायची.

तर वहीत पुढून पाणी आणि मागून मी. मागची पानं कोणी उघडली तर मी काय करीन ते आत्ता सुचत नाहीये, पण काहीतरी करीन.

प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी पुरुषाच्या पोटात असते हे मला एकवीस वर्षं माहीत नव्हतं. बाबांना चौसष्ट वर्षं. आता तिथे कॅन्सर निघाला म्हणून ओळख झाली. हार्मोनचं इंजेक्शन आधीच झालंय, आजपासून किरण. डॉक्टर किरणोपचार म्हणतात, बाबा शेक म्हणतात. एकूण अठ्ठावीस, सोमवार ते शुक्रवार. "मध्येच सोडायचं नाही हं," डॉक्टर म्हणाले, आणि बघितलं कोणाकडे? माझ्याकडे! माझ्या कपाळावर लिहिलंय का?

नियम असा: आधी लघवी करून यायचं, मग तीन ग्लास पाणी प्यायचं, मग पाऊण तास दाबून बसायचं. लघवीची पिशवी भरलेली असली की ती वर उचलली जाते आणि किरण नेमके जागेवर पडतात. पोट मात्र रिकामं हवं. वर भरलेलं, मागे रिकामं. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेततोय, पण इतकं काटेकोर गिऱ्हाईक पाहिलं नाही."

त्यांच्या पोटावर आणि दोन्ही बाजूंना मिळून तीन निळे ठिपके गोंदलेत, रोज त्याच मापात झोपवायला. ते काही बाबांना पटलेलं नाही. "खूण खडूनं करावी. कपडा धुतला की गेली पाहिजे."


मंगळवार, १०

पोट रिकामं नव्हतं. ताईंनी मशीनमधून आधी फोटो काढला आणि परत बाहेर पाठवलं. "आत गॅस आहे. जरा फिरून या." बाबा वीस मिनिटं लांबलचक व्हरांड्यात हात मागे बांधून फिरले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. मी मागून विचारलं, "झालं का?" तर वळून म्हणाले, "तू जवळ असलास की होत नाही." तरी थेट बोलले!

पोट साफ व्हायची पावडर लिहून मिळाली. बाबांनी बजावलं, "गल्लीतल्या दुकानातून आणायची नाही. लांबून आण." बरोबर. पण गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात ती बसते.

तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, वही दवाखान्याची आहे. एवढंच लिहितो की ती पट्टीतल्या गोळ्या कात्रीनं कापते तेव्हा जीभ किंचित बाहेर काढते, आणि मला त्या वेळी काहीही विकलं तरी मी घेईन.

चिठ्ठीचा वरचा भाग, जिथे नाव असतं, तो मी नीट दुमडला आणि खालचा पुढे केला. तिनं घड्या उलगडल्या, शिक्का मारला, परत तशाच घातल्या. फार टापटीप आहे.

"कोणासाठी?"

"मलाच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बाबांचं नाव तर घ्यायचं नाही.

"रोज सकाळी एक चमचा. कोमट पाण्यातून." मग खाली बघत म्हणाली, "आणि काळजी करू नका, होईल."

प्रेमाची सुरुवात जुलाबाच्या पावडरीनं झालेला जगातला मी पहिलाच असेन.


गुरुवार, १२

आज किराणावाले काका रस्त्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेका, लाजायचं नाही. राग हासुद्धा आजारच असतो. माझ्या मेव्हण्याला होता."

मला कळेना. दुकानाशी आलो तर शटरवर बाबांच्या अक्षरात पाटी: मुलाच्या उपचारासाठी अकरा ते दोन दुकान बंद राहील.

डोक्यात अशी सणक गेली! शटर उचलून आत शिरलो. "बाबा, हे काय लिहिलंय?"

ते काज करत होते. मान वर केली नाही. "कोणी विचारलंच, तर रोज कुठे जातो म्हणून सांगू?"

"म्हणून मी वेडा?"

"वेडा कुठे म्हटलंय? उपचार म्हटलंय. आणि लोकांना लगेच पटलं. एकानंही पुन्हा विचारलं नाही." दात दिसू न देता हसले. "तूच बघ, आत्ता कसा आलास आत."

मी शटर आपटून बाहेर गेलो. त्यामुळे समोरच्या तीन घरांनाही पटलं.


सोमवार, १६

शेक सहावा. आज आमच्या बाकावर एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांना तोच आजार, तेच पाणी. मी सहज म्हणालो, "पाऊण तास दाबायचं त्यात काय एवढं?" हेडमास्तरांनी चष्मा खाली घेतला. "बाळ, तीन ग्लास पी आणि बस आमच्यात."

बाबा लगेच म्हणाले, "राहू द्या हो. तो अर्ध्यातून उठतो."

झालं. मी तीन ग्लास रिकामे केले. विसाव्या मिनिटाला हेडमास्तर धबधब्याबद्दल बोलायला लागले. तिसाव्याला बाबांनी एका ग्लासातून दुसऱ्यात पाणी ओतायला घेतलं, अगदी सावकाश, उंचावरून. चौतिसाव्या मिनिटाला मी उठून पळालो. परत आलो तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होते, आणि हसता हसता एकमेकांना सांगत होते, "हसवू नका हो, हसवू नका, सांडेल!"

वहीत पुढच्या बाजूला माझीही वेळ लिहिली. ताईंनी विचारलं, हा दुसरा पेशंट कोण?


शुक्रवार, २०

इंजेक्शनामुळे बाबांच्या अंगाची अचानक आग होते. शिलाई मशीनवर बसले असताना मान लाल, कपाळावर घाम, दोन मिनिटांत शर्टाची तीन बटणं उघडी. घरी जेवताना उठून पंखा पाचवर केला. पोळी उडायची तेवढी राहिली.

आई शांतपणे उठली आणि पंखा बंद केला.

"अगं, मेलो मी!"

"पाळी जाताना चार वर्षं मला असंच व्हायचं. तेव्हा कोण म्हणायचं, 'थंडीत पंखा कसला लावतेस, नखरे नुसते'? कोण म्हणायचं बरं?"

बाबा घाम पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "फार व्हायचं का गं तुला?"

आईनं पंखा लावला. पण दोनवर. म्हणाली, पाचवर जायला अजून चार वर्षं आहेत.


मंगळवार, २४

पुन्हा पावडर. पुन्हा ती. दुकानात कोणी नव्हतं. मी ठरवून आलो होतो की आज काहीतरी मर्दानी बोलायचं.

"हवा छान आहे," मी म्हणालो.

"पोट?"

"...तेही."

गल्लीतली राग-उपचाराची बातमी तिच्यापर्यंत गेलेलीच असणार. पण रागाच्या उपचारात पोट साफ करायची पावडर कशाला, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मोठ्या मनाची आहे.


शुक्रवार, २७

पंधरा झाले! बसस्टॉपवर बसलो होतो. मी विचारलं, "बाबा, सांगून टाकलं तर काय बिघडेल? आजारच आहे. चोरी थोडीच केलीय?"

ते बराच वेळ बसची वाट पाहण्याचं नाटक करत राहिले. मग म्हणाले, "टेप कमरेला लावला की माणूस सगळं सांगतो. कोणाला मूल होत नाही, कोणाला घरात जेवायला मिळत नाही, कोण पोटाला पट्टा बांधून फिरतो. चाळीस वर्षं मी गल्लीच्या कमरा मोजल्या, कोणाचा आकडा कोणाला सांगितला नाही. आता त्यांनी माझी मोजायची? आणि तीही तिथली?" मग एकदम, "तू का सोडलंस कॉलेज?"

हे त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं की सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, जर्नल उतरवून काढलंय. मी फाडून टेबलावर टाकलं आणि निघालो.

"उतरवलं होतंस का?"

"शेवटची चार पानं. पण सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"हं," बाबा म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ लावायचा तर वेगळी वही लागेल.


मंगळवार, १

शेक सतरावा, आणि बाबांनी आज मला मान खाली घालायला लावली.

येताना बसमध्ये गर्दी. बाबा बसलेले, मी उभा. एक म्हातारी चढली, काठी टेकत. बाबा म्हणजे कसे, की गरोदर बाईसाठी, म्हाताऱ्यासाठी, पिशवी घेतलेल्या कोणासाठीही पहिले उठणार. आज उठलेच नाहीत! खिडकीबाहेर बघत बसले, मांडीवर दवाखान्याची फाइल घट्ट धरून. लोक बघायला लागले. मी म्हटलं, "बाबा, उठा की, आजींना बसू द्या." तर इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "गप्प बस." माझंही डोकं फिरलं. चारचौघांत बोललो, "आजार झाला म्हणजे माणुसकी संपते का?"

म्हातारीला दुसऱ्या कोणी जागा दिली. आमचा स्टॉप यायला तीन स्टॉप बाकी असताना बाबा एकदम उठून उतरले. फाइल पुढे धरलेली. मी मागोमाग उतरलो तर म्हणाले, "तू पुढे चाल. माझ्या मागे यायचं नाही." तीन स्टॉप चालत आलो, मी पुढे, ते वीस पावलं मागे. रुसलेल्या पोरासारखे.

घरी आल्यावर आईनं आंघोळीला पाणी काढलं आणि त्यांची पँट लगेच हातानं धुवायला घेतली. धुण्याचा ढीग तसाच, ही एकच पँट. मी म्हटलं, "आज एवढी घाई कसली?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गच्चीत निघून गेलो. ह्या घरात सरळ कोणी बोलतच नाही.


बुधवार, २

बाबा म्हणाले, आजपासून जाणार नाही.

"सतरा झाले. अर्ध्याच्या वर. पुरे तेवढे."

"पुरे कसे? अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस! अर्ध्यावर सोडायचं नसतं!"

बाबा खाटेवर उठून बसले. "कोण बोलतंय हे! अगं ऐकलंस का, कोण बोलतंय!"

मग जे झालं ते लिहीत नाही. कप फुटला तो मी फोडला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि अकरा वाजून गेले.

संध्याकाळी आई गच्चीत आली. वाळत घातलेली पँट काढता काढता म्हणाली, "डोळे आहेत का रे तुला, की नुसती बटणं लावलीत? काल बसमध्ये त्यांना आवरलं नाही. म्हणून उठले नाहीत. उठले असते तर सगळ्या बसनं पाहिलं असतं. आणि तू त्यांना माणुसकी शिकवलीस."

मला खाली यायला बराच वेळ लागला. खाली आलो तर बाबा झोपलेले होते, किंवा तसे दाखवत होते. मी पायांशी बसलो. बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी पाय आखडून घेतले, मला जागा व्हावी म्हणून की मी नको म्हणून, ते कळलं नाही.


गुरुवार, ३

सकाळी एकटाच दवाखान्यात गेलो. ताईंना सगळं सांगितलं, बसमधलं सांगताना जमिनीकडे बघत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "निम्म्याच्या पुढे बऱ्याच जणांना होतं हे. सांगायला हवं होतं. गोळी मिळते त्यावर." डॉक्टरांकडून चिठ्ठी आणून दिली. "दोन दिवस गेले, ते पुढे जोडता येतील. पण उद्या आणा त्यांना. खाडे वाढले तर केलेलं वाया जाईल."

तिथून तडक तिच्या दुकानात. गोळ्या, आणि ते मोठ्या माणसांचे पॅड. चिठ्ठी दुमडून पुढे केली.

"हे पण तुम्हालाच?" ती म्हणाली.

इथे एक क्षण होता. सांगून टाकलं असतं तर मी वाचलो असतो. पण काल मी बसभर लोकांसमोर बाबांना बोललो होतो. आणखी एका माणसासमोर त्यांना उघडं पाडायचं? "हो," मी म्हणालो. "मलाच. गळतं."

तिनं ओठ चावला. माझ्या आयुष्याचं हसं झालं तिथे.

"कंबर?"

"तीस."

तिनं शिडीवर चढून पाकीट काढलं. त्यावर लिहिलेलं, अडतीस ते बेचाळीस. "हे मोठं आहे," मी म्हणालो. "सैल बरं असतं," ती म्हणाली. मग पाकीट कागदात गुंडाळता गुंडाळता, "चालताना सरकतं ते. बाहेरून फुगलेलं दिसतं, म्हणून लोक घालत नाहीत आणि घराबाहेर पडायचंच सोडतात. पँटला आतून कप्पा शिवला तर बसतं जागेवर. गडद कापड घ्या." थोडं थांबली. "तुमच्याकडे तर घरचंच दुकान आहे."

तिथेच कल्पना डोक्यात शिरली. दुकानात गेलो, शटर अर्धं ओढलं. वरच्या फळीवर बाबांनी स्वतःसाठी ठेवलेलं गर्द निळं कापड आहे, सात-आठ वर्षांपासूनचं. "सवड झाली की शिवीन," म्हणतात. गिऱ्हाइकांमुळे सवड कधी झालीच नाही. घेतलं. त्यांच्या जुन्या पँटवरून खुणा केल्या, कात्री चालवली. मला येतं काय? बटणं लावणं आणि इस्त्री. पण बघून बघून येतंच की! दोन वाजेपर्यंत सुई दोनदा मोडली आणि बोट एकदा शिवलं. आतला कप्पा मात्र मन लावून केला.

पँट उचलून धरली, आणि काहीतरी विचित्र दिसलं. कापड दुमडून उलटसुलट कापायचं असतं, ते मी दोनदा एकाच बाजूनं कापलं होतं. दोन्ही पाय डावे.

घरी गेलो आणि पँट बाबांच्या अंगावर टाकली. काय बोलणार? "घ्या. उद्या घालून चला."

बाबांनी ती उघडली. उलटी केली. सुलटी केली. "हे माझं निळं कापड?"

"हो."

"हे... दोन्ही डावे? दोन्ही पाय डावे?" उठून उभे राहिले, दोन दिवसांत पहिल्यांदा. "गाढवा, दोन डाव्या पायांचा माणूस कुठे पाहिलास तू? आणि ही टीप आहे का मुंगी शाईत बुडून चालली आहे? एवढं कापड! काळजावर कात्री चालवली असतीस तरी..." बोलता बोलता हात आत गेला. आतल्या कप्प्याला बोटं लागली.

तिथे थांबले. बोटं पुढे गेली, मागे आली. अस्तर चाचपलं. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"हे कोणी सांगितलं?"

"मलाच सुचलं," मी म्हणालो.

बाबांनी पँट खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. बराच वेळ माझ्याकडे पाठ होती. मग घसा खाकरून म्हणाले, "जागा चुकली. दोन बोटं पुढे हवा. बसलं की मागे जातो." आणि मग, "उरलेलं कापड कुठे आहे? एक उजवा पाय निघेल का त्यात?"

दुकान उघडलं. मी धागे उसवत होतो, ते बेतत होते. मी दोनदा सॉरी म्हणायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी मशीन चालू केलं.


शुक्रवार, ४

शेक अठरावा. निळी पँट, गोळी, कप्पा. बसमध्ये दोन माणसं उभी असलेली पाहून बाबा उठले, मलाही उठवलं आणि त्यांना बसायला लावलं. दोघंही माझ्याएवढे धडधाकट होते. काही गरज नव्हती.


बुधवार, ९

हेडमास्तरांनी पँटकडे पाहिलं. "नवी शिवलीत? झकास बसलीय." बाबा इकडेतिकडे बघून त्यांच्या कानाशी लागले. हेडमास्तर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनीही बाबांच्या कानात काहीतरी सांगितलं. पाच मिनिटांनी बाबांनी खिशातून टेप काढला आणि दोघं स्वच्छतागृहात गेले. आतून बाबांचा आवाज येत होता, "श्वास सोडा. हेडमास्तर असलात तरी खोटं माप चालणार नाही."

मी दाराबाहेर आकडे लिहून घेतले. दवाखान्याच्या वहीत, पुढच्या बाजूला. ताई उद्या विचारतील, बेचाळीस ग्लास कोण प्यायलं.


बुधवार, १६

सव्विसावा. संध्याकाळी गोळ्या आणायला गेलो. तिनं पट्टी कापली, जीभ बाहेर. मग सहज विचारल्यासारखं, "बाबांचे किती राहिले?"

माझ्या हातातून पाकीट पडलं. "कोणाचे?"

"पहिल्याच चिठ्ठीवर वय चौसष्ट लिहिलंय. तुम्ही काही चौसष्टचे दिसत नाही. रागावला की पन्नासचे दिसता, एवढंच."

"मग... मग मला कंबर का विचारली?"

"तुम्ही 'मलाच, गळतं' म्हणालात ना! म्हटलं, बघू तरी गाडी कुठवर जातेय." आणि ती हसली, इतके दिवस दाबलेलं सगळं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण बाहेर पडेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालं होतं.

"कोणाला सांगितलंत?"

"अख्ख्या गल्लीच्या मूळव्याधी ह्या काउंटरवरून जातात. मी बोलायला लागले तर इथे कोणी कोणाला तोंड दाखवणार नाही." मग हळू, "तुम्ही 'मलाच' म्हणालात ते मात्र मला आवडलं."

घरी कसा आलो ते लिहीत नाही. पायऱ्या किती होत्या ते आठवत नाही.


शुक्रवार, १८

अठ्ठावीस.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "संपलं!" ते म्हणाले, "शेक संपले. बाकीचं तीन महिन्यांनी रक्त तपासल्यावर कळेल. इंजेक्शनं चालू राहणार." ताईंनी माझ्याकडे वही मागितली, दवाखान्याची म्हणून. मी म्हटलं हरवली. बाबा म्हणाले, "ह्याचं असंच आहे." खोटं बोललो हे त्यांना कळलं होतं. वही त्यांच्याच पिशवीत होती.

पिशवीत कधीपासून होती, हे आता लिहिताना सुचतंय. मागची पानं... जाऊ दे.


शनिवार, १९

सकाळी दुकानात किराणावाले काका शर्टाचं माप द्यायला आले. बाबा टेप लावत होते, मी आकडे लिहीत होतो. काकांनी पोट आत ओढून धरलेलं, तरी बोलायचं थांबेनात. "काय लेका, कसा आहे राग? मेव्हण्याला माझ्या एक बाबा... म्हणजे वैद्य होते, त्यांनी सांगितलेलं, राग आला की शंभर आकडे उलटे म्हणायचे. तू म्हणतोस का?"

मी पेन्सिल दातात धरली आणि शंभर, नव्याण्णव म्हणायला लागलो, कारण नाहीतर कात्री उचलली असती.

"त्याला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. टेप काकांच्या पोटाभोवती, मान खाली. "कॅन्सर मला आहे. प्रोस्टेटचा. महिनाभर रोज शेक घ्यायला मी जात होतो, तो मला न्यायचा. पोट सोडा, खोटं माप येतंय."

काकांचं पोट सुटलं. एकदम चार इंच.

"चव्वेचाळीस," बाबा मला म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

काका आरशात बाबांकडे बघत राहिले. कीव करणार, हळहळणार, गल्लीभर सांगणार, मला वाटलं आता सुरू होईल. काका खूप हळू म्हणाले, "सुरुवातीला... काय होतं? म्हणजे कळतं कसं? मला हल्ली झोपेतून चार-चार वेळा उठावं लागतं. धार पण बारीक येते. घरी म्हटलं, पाणी जास्त होतंय म्हणून."

बाबांनी टेप गळ्यात टाकला. त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. "बसा," म्हणाले. "तेच असेल असं नाही. वयानंही होतं. पण रक्त तपासून घ्यायचं, ताबडतोब. मी वर्षभर अंगावर काढलं, तसं नाही करायचं." आणि माझ्याकडे न बघता, पण आईमार्फत नाही, थेट मला: "सोमवारी ह्यांना घेऊन जा."

"मी?" मी म्हणालो. "मी ह्यांच्याबरोबर?"

"दुकानात काय सांगू?" काकांनी घाबरून विचारलं. "रोज जायला लागलं तर लोक विचारतील."

बाबा विचारात पडले. मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"नाही!" मी ओरडलो. "अजिबात नाही! एकदा वेडा झालो तेवढं बास!"

"बघा," बाबा काकांना म्हणाले, "अजून पूर्ण बरा झालेला नाही."